मातीची घट

सकाळी साडेसहाला भाव येतो.
टेबलावर चहाच्या डागाशेजारी मोबाईल थरथरतो,
आणि जालन्याच्या अख्ख्या एमआयडीसीला एकदमच कळतं
आज आपण किती किमतीचे.
किलोमागे रुपया उतरला
की गेटसमोरचा पोहेवाला शेंगदाणे मोजून टाकतो,
खाणावळीची गयाबाई उधारीची वही
गल्ल्यावरून उचलून मांडीवर घेते.

मी काट्यावर. बावीस वर्षं.
भरलेली गाडी चढते, एक आकडा.
रिकामी होऊन चढते, दुसरा आकडा.
मोठ्यातून धाकटा वजा केला की जे उरतं
त्याला आमच्यात माल म्हणतात.
त्यातून मातीची घट, शेकडा दोन.

याकूबभाई परतूरहून येतो, छोटा हत्ती घेऊन.
मंठा, सेलू, वाटेतल्या वाड्यावस्त्या,
भोंग्यात एकच ओळ, घासून गुळगुळीत झालेली.
त्याच्या मालात
बैलगाडीच्या धावा, चाकांवाचून गोल,
कडबाकुट्टीचं पातं, शाळेच्या बाकांचे पाय,
कूलरचे गंजलेले पत्रे.
एकदा पाळणा आला, कड्यांसकट.
‘जालना, सोन्याचा पाळणा’ म्हणत
हमाल हसत सुटले.
साडेसहा किलो भरला. लोखंडाचा होता.

फाळांना काळी माती चिकटलेली असते.
मी घट लावतो, तो दर वेळी भांडतो.
“मिट्टी का पैसा काटते, मामा,
लोहा भी पहले मिट्टीच था ना?”
पावती फाडताना
मी पेनचं टोपण शोधत राहतो.

यार्डात चतुराबाई, हातात दीड किलोची हातोडी.
तिचं काम एकच: जे बंद आहे ते शोधायचं.
शॉकॲब्सॉर्बर, सिलिंडर, झाळलेले डबे.
उघडं लोखंड निमूट वितळतं,
बंद लोखंड भट्टीत फुटतं.
तिचा भाचा होता वरच्या फलाटावर, तेव्हापासून
ती प्रत्येक डबा कानाशी धरून हलवते,
मग भोक पाडते.
आत बहुतेक वेळा हवाच असते.
ती निघून जाईपर्यंत बाई तिथंच थांबते.

परवा बंदरावरून आलेल्या कंटेनरमध्ये
कुठल्यातरी वाळवंटातल्या नंबरप्लेटा निघाल्या.
याकूबभाईला वाचायला दिल्या.
काही नाही म्हणाला, नुसते आकडेच आहेत,
तुमच्यासारखे.

रात्री विजेचा दर उतरतो, म्हणून भट्ट्या रात्री चढतात.
आमच्या अंगाला आभाळ तांबूस होतं.
सकाळी दोरीवरच्या बनियनवर काजळी बसलेली असते,
बायको ती झटकते आणि तिच्याच पगारातून साबण आणते.
याच्यावर मी घरी कधी बोललो नाही.

मग त्याच काट्यावरून सळई बाहेर पडते,
निळ्या ताडपत्रीखाली, अजून कोमट.
हिंगोलीकडच्या कुणाच्या स्लॅबात,
गोदावरीवरच्या कुठल्याशा पुलाच्या पोटात.
धावा, बाक, पाळणा, वाळवंटातले आकडे,
सगळं एकाच जाडीचं, बारा मिलिमीटर.
आता ओळखायचं म्हटलं तरी कशावरून.

गेल्या महिन्यात नवा काटा बसवला, कॅमेरेवाला.
जुन्याची पाटं गॅसकटरनं कापली,
ट्रकमध्ये भरली
आणि ट्रक नव्या काट्यावर चढवला.
बावीस वर्षं ज्यानं सगळ्यांना तोललं
त्याचं वजन मीच लिहिलं:
अकरा टन, तीनशे चाळीस किलो.
खालच्या खड्ड्यात गुडघाभर माती निघाली,
काळी, लाल, कुठली कुठली,
गाड्यांच्या चाकांनी आणलेली, बिनभावाची.
चतुराबाईनं त्यातली घमेलंभर नेली,
तुळशीसाठी म्हणाली.

पावती करताना रकाना आला: मातीची घट.
हात सवयीनं दोनाकडे गेला.
मागं याकूबभाई उभा होता, रांगेत,
बोलला काही नाही.

मी शून्य लिहिलं.
मालकानं संध्याकाळी ते दोन करून घेतलं.